कबूल झालेली जागा हातची गेल्यावर

गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, घरातली मंडळी जेवून जरा आडवी झालेली असताना सूनबाईंच्या मोबाइलवर शाळेचा एक संदेश आला आणि त्या तीन ओळींनी आमच्या घराची पुढल्या तीन आठवड्यांची स्वस्थता घालवली. डिसेंबरात अर्ज भरून, जानेवारीत शुल्काचा पहिला हप्ता देऊन आणि मार्चमध्ये गणवेशाचे माप देऊन ज्या शाळेच्या शिशुवर्गात माझ्या नातीचा प्रवेश निश्चित झाला होता, त्या शाळेने यंदा अपरिहार्य कारणास्तव एक तुकडी कमी करण्यात येत असून त्यामुळे हा प्रवेश रद्द समजावा, असे कळविले होते. भरलेल्या रकमेच्या संबंधात कार्यालयात येऊन भेटावे, एवढाच काय तो पुढचा मार्ग त्यात सांगितला होता. नात त्या वेळी गॅलरीत बसून आपल्या नव्या बाटलीवर चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठीवरून बोट फिरवीत होती. अक्षरे तिला येत नव्हती. पण ते आपले नाव आहे आणि ते शाळेसाठी लिहिले आहे, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

माझी सारी नोकरी सरकारी कचेरीत, अर्ज, टिपणी, खुलासे आणि पोचपावत्या यांच्या संगतीत गेली. त्या अनुभवाचा या प्रसंगी उपयोग झाला, आणि पुढे ओळखीच्या काही घरांवर असाच प्रसंग ओढवला तेव्हा त्यांनाही थोडेबहुत सांगता आले. ते सारे येथे सविस्तर मांडावे असे वाटते, कारण अशा वेळी आईबापांची मती इतकी गुंग होते की, मुलाचे हित आणि आपला अपमान या दोन गोष्टी निराळ्या आहेत हेच त्यांच्या ध्यानी येत नाही. शाळेशी करावयाचा पत्रव्यवहार ही एक बाब आहे आणि मुलाचे जूनपासूनचे दिवस कोठे व कसे जातील ही दुसरी. दोहोंना पहिल्या दिवसापासून समांतर चालवावे, आणि पहिलीचा निकाल लागेपर्यंत दुसरी खोळंबून ठेवू नये, हे माझ्या सांगण्याचे सार आहे.

संदेश आल्या आल्या करावयाची गोष्ट म्हणजे काहीही मान्य न करणे. भ्रमणध्वनीवर आलेल्या अशा निरोपाला सवयीने ‘ठीक आहे’ असे उत्तर लिहिले जाते, किंवा नुसता अंगठा दाखविणारे चिन्ह पाठविले जाते, आणि पुढे तीच आपली कबुली म्हणून समोर ठेवली जाते. संदेशाचे छायाचित्र तारीख-वेळेसह जपून ठेवावे. अर्जाची नक्कल, शुल्काच्या पावत्या, बँकेतून रक्कम गेल्याची नोंद, प्रवेश निश्चित झाल्याचे पत्र अथवा ईमेल, गणवेश-पुस्तकांची बिले, शाळेने पालकांना दिलेली नियमावली, हे सर्व एका पाकिटात तारखेच्या क्रमाने लावावे. कागद क्रमाने लागले की आपली बाजू किती भक्कम आणि किती लंगडी आहे हे आपल्यालाच दिसू लागते. ‘बाईंनी तोंडी सांगितले होते, तुमचे नक्की समजा’ एवढाच ज्यांच्यापाशी आधार आहे, त्यांच्या हाती दुर्दैवाने फारसे काही नसते; उलट ज्यांच्यापाशी शुल्काची पावती व प्रवेशाचे पत्र आहे, त्यांच्याशी शाळेचा करार झालेला असतो आणि तो एकतर्फी मोडण्याचा जाब विचारण्याचा त्यांना पुरा अधिकार असतो.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि मी शाळेच्या कार्यालयात गेलो, तेव्हाचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. खिडकीपलीकडल्या बाईंनी अत्यंत सौजन्याने आम्हांला बसविले, पाणी दिले आणि रक्कम परत मिळण्यासाठीचा एक छापील नमुना पुढे केला. मुलाने लेखणी उघडून सहीसाठी कागद टेबलावर सपाटही केला होता. मी सवयीने तो कागद शेवटच्या ओळीपासून वर वाचू लागलो. शेवटून दुसऱ्या ओळीत, पालक स्वेच्छेने प्रवेश मागे घेत असून त्यांची संस्थेविरुद्ध कोणतीही तक्रार उरलेली नाही, असे बारीक अक्षरांत छापले होते. स्वेच्छेने! आम्ही तो कागद न भरता परत केला, आणि आमचा स्वतःचा अर्ज दुसऱ्या दिवशी आणून देऊ असे सांगून उठलो. या बाबतीत त्या बाईंचा काही दोष होता असे मी म्हणणार नाही; कार्यालयात एकच नमुना होता आणि तो त्या सर्वांनाच देत होत्या. पण त्यावर सही झाली असती, तर पुढे काही मागण्यास आम्हांला तोंड राहिले नसते. परताव्याच्या कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो सावकाश वाचावा, न पटणारा मजकूर खोडून तेथे आद्याक्षरे घालावीत, आणि ते चालत नसेल तर ‘हरकत राखून रक्कम स्वीकारली’ असे स्वहस्ते लिहून मगच सही करावी.

अर्ज कसा असावा याविषयी दोन शब्द लिहितो, कारण रागाच्या भरात लिहिलेली चार पाने कोणी वाचत नाही आणि मुद्देसूद लिहिलेले एक पान सहसा बाजूला टाकले जात नाही. वर मुलाचे नाव, अर्जाचा क्रमांक, पावतीचे क्रमांक व तारखा. त्याखाली प्रवेश कधी निश्चित झाला आणि कधी रद्द केल्याचे कळविले, एवढी हकीकत दोन-तीन वाक्यांत. आणि त्यानंतर मागण्या. आम्ही चार गोष्टी मागितल्या होत्या. प्रवेश रद्द करण्याचे कारण अधिकृत सहीशिक्क्यानिशी लेखी द्यावे. तुकडी कमी करताना कोणती मुले ठेवावयाची व कोणती वगळावयाची हे कोणत्या तत्त्वावर ठरविले ते सांगावे. भरलेली संपूर्ण रक्कम, गणवेश व पुस्तके यांच्या किमतीसह, कोणतीही कपात न करता परत करावी. आणि जागा रिकामी झाल्यास आमचे नाव प्रतीक्षायादीत कितवे आहे ते लिहून द्यावे. उत्तरासाठी सात दिवसांची मुदत घातली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये. आणि पोच देण्यास कोणी टाळाटाळ केली, तर तोच अर्ज पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशा रीतीने टपालाने व शिवाय ईमेलने पाठवावा.

चार मागण्यांपैकी दुसरीला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. भाऊ वा बहीण त्याच शाळेत असलेल्या मुलांना अग्रक्रम देणे, जवळ राहणाऱ्यांना आधी घेणे, अर्जाच्या तारखेप्रमाणे क्रम लावणे, ही तत्त्वे समजण्यासारखी आहेत आणि त्यांतले एखादे सर्वांना सारखे लावले गेले असेल तर आपल्या मुलाचे नाव गळाल्याचे दुःख सोसता येते. पण जेथे असे काहीच तत्त्व नसते, तेथे हा प्रश्न लेखी विचारल्याबरोबर यादी पुन्हा एकदा पाहिली जाते, आणि क्वचित एखादे गळालेले नाव परतही येते. एखादे वेळी मात्र कारण असे असते की त्यापुढे इलाज चालत नाही. आपल्या महाराष्ट्रात शिशुवर्गासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वयाची तीन वर्षे पूर्ण असावी लागतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाचा अर्ज आधी नजरचुकीने स्वीकारला गेला आणि तपासणीत पुढे ती चूक उघड झाली, तर त्यावर भांडत बसण्यापेक्षा रक्कम परत घेऊन एक वर्ष थांबणे शहाणपणाचे आहे. खासगी बालशाळांच्या बाबतीत आणखीही एक कारण वरचेवर घडते: मोठ्या संस्थेचे नाव घेऊन भाड्याच्या जागेत चालविलेल्या शाखेचा जागामालकाशी किंवा त्या संस्थेशी केलेला करार संपतो आणि शाखाच बंद होते. येथे आपली रक्कम स्थानिक चालकाकडे आहे की मूळ संस्थेकडे, हे पावतीवर कोणाचे नाव आहे त्यावरून ताबडतोब पाहावे आणि अर्ज दोघांनाही पाठवावा.

आता कायद्याविषयी. येथे पालकांची अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांत मोठे अंतर आहे आणि ते आधीच समजून घेतले तर पुढचा मनस्ताप वाचतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला; परंतु त्याचा मुख्य भर सहा ते चौदा या वयावर आहे, आणि सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी शासन पूर्वप्राथमिक शिक्षणाची तजवीज करू शकेल, एवढेच त्याचे अकरावे कलम म्हणते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली हेच स्पष्ट केले की, वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव २५ टक्के जागा सोडल्या तर शिशुवर्गाच्या प्रवेशांना हा अधिनियम लागू होत नाही. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तथापि शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा देत नाहीत, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ठरविले असून प्रवेशापूर्वीच्या व्यवहारांनाही त्याने त्याच कक्षेत धरले आहे, म्हणून त्या वाटेवर फार भिस्त ठेवू नये. यावरून मी असा निष्कर्ष काढतो की, पैसे परत मिळविण्याची लढाई बहुधा जिंकता येते, पण जागा परत मिळविण्याची लढाई क्वचितच; आणि जी जागा न्यायालयाच्या पायऱ्या चढून मिळवावयाची, तेथे तीन वर्षांच्या मुलाला रोज सकाळी सोडून यावेसे वाटेल काय, याचाही विचार आईबापांनी करावा.

ज्यांच्या मुलाची जागा २५ टक्क्यांच्या सोडतीत लागलेली होती आणि मग गेली, त्यांची गोष्ट अगदी वेगळी आहे. त्यांच्या बाबतीत मी स्वस्थ बसण्याचा सल्ला कधीही देणार नाही, कारण तेथे जागा हा कृपाप्रसाद नसून हक्क आहे. विनाअनुदानित शाळेत ज्या वर्गापासून प्रवेश सुरू होतो त्या वर्गाच्या किमान चौथा हिस्सा जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी आहेत, आणि शाळेत शिशुवर्ग असेल तर त्यालाही ही तरतूद लागू आहे. सोडतीत नाव आल्यावरही पडताळणी समितीपुढे प्रवेश नामंजूर होतो तो बहुतेक वेळा कागदांच्या त्रुटीमुळे: भाडेकरार नोंदणीकृत नसणे, अर्जात दाखविलेले राहण्याचे ठिकाण व प्रत्यक्ष पत्ता यांत तफावत असणे, उत्पन्नाचा दाखला भलत्याच वर्षाचा असणे, किंवा एकाच मुलाचे दोन अर्ज भरले जाणे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांनी अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवून घेण्याचे काम सोडतीनंतर नव्हे, तर अर्ज भरण्यापूर्वीच उरकावे, हे मी कळकळीने सांगतो. शंभर-दोनशे रुपयांच्या मुद्रांकावरील साध्या करारामुळे मुलाची जागा गेलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि त्या बापाचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नामंजुरीचे कारण लेखी मागावे, त्रुटी दूर करता येत असेल तर मुदतीत दूर करावी, आणि शाळाच प्रवेश नाकारीत असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अथवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्यावी. अधिनियमाच्या ३२ व्या कलमाप्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यावयाचा असतो व त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

असा आग्रह व्यर्थ जात नाही, याचे उदाहरण अलीकडेच घडले. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना या २५ टक्क्यांच्या बंधनातून मोकळे केले, आणि गरिबांच्या हजारो मुलांची आशा एका कागदाने मावळली. परंतु पालकांनी व कार्यकर्त्यांनी दाद मागितल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्दबातल ठरविली. शाळा सुरू होऊन महिना उलटला होता हे खरे, पण हक्क शाबूत राहिला.

शाळेशी हा व्यवहार चालू असतानाच दुसरी जागा पाहू लागावे, आणि ती पाहताना घरापासून पायी जाता येईल अशा अंतरातून सुरुवात करावी. मराठी माणसाला याबाबतीत दूर पाहण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला जाऊन ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींच्या मुलांसाठी त्या दोघींनी जे उभे केले, त्यात ना भव्य इमारत होती ना परदेशी खेळणी. शंखशिंपले, बिया, पाने, माती हीच साधने होती. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली पाहिजे, या विचारातून आलेले ‘अंगणवाडी’ हे नाव, २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर देशभर गेले. आपल्या गल्लीतली अंगणवाडी किंवा महापालिकेची बालवाडी एकदाही आत जाऊन न पाहता मध्यमवर्गीय घरे ती आपल्यासाठी नव्हे असे ठरवून टाकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. काही ठिकाणी तिची अवस्था खरोखरीच शोचनीय असते; काही ठिकाणी मात्र तेथली सेविका चाळीस हजार रुपयांच्या बालशाळेतील शिक्षिकेपेक्षा मुलांना अधिक ओळखते. डोळ्यांनी पाहिल्यावाचून यातले काही कळत नाही.

पाहावयाला जाताना आधी वेळ ठरवून जाऊ नये. मुले असतात त्या वेळी जावे आणि अर्धा तास नुसते बसावे. संडास-मोरी मुलांच्या उंचीची व कोरडी आहे का, दाराला आतून-बाहेरून कोणता अडसर आहे, मुलाला न्यायला कोण आले याची नोंद होते का, रडणाऱ्या मुलाजवळ कोणी बसते की त्याला कोपऱ्यात गप्प केले जाते, आणि बाई मुलांशी बोलताना उभ्या राहून बोलतात की खाली बसून, इतके पाहिले तरी पुरे. तीन वर्षांच्या मुलांकडून वहीत अक्षरे गिरवून घेणारी शाळा कितीही नावाजलेली असली तरी मी तिच्या वाटेला जाणार नाही. ज्या घरी दोघेही नोकरीला जातात, तेथे शाळेच्या तीन तासांपेक्षा पाळणाघराचे पाच तास अधिक महत्त्वाचे ठरतात. तेथे आधी पाळणाघर निश्चित करावे आणि मग त्याच्या जवळची शाळा.

मुलाला काय सांगावे, हा प्रश्न आम्हांला सर्वांत जड गेला. घरात आठ दिवस हाच विषय चालला होता, फोनवर नातेवाइकांना तीच कहाणी सांगितली जात होती, आणि आपल्या पायांशी खेळणारे मूल हे ऐकते आहे याचे कोणालाच भान नव्हते. एका संध्याकाळी नात आपल्या बाहुलीला मांडीवर घेऊन तिला समजावीत होती, ‘तुला नाही घेतलं गं, तू रडू नकोस.’ ते ऐकून सूनबाई स्वयंपाकघरात गेल्या व बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्या दिवसापासून तिच्यासमोर हा विषय काढावयाचा नाही असे ठरले, आणि रात्री सूनबाईंनी तिला जवळ घेऊन सरळ सांगितले की, आपण बघितलेल्या शाळेत एक खोली कमी पडली, म्हणून आपण तुझ्यासाठी दुसरी शाळा शोधतो आहोत, आणि बाटली व दप्तर तेच न्यायचे आहे. मुलाला खोटे कारण सांगू नये. ते आजारी आहे, लहान आहे, नीट बोलले नाही म्हणून घेतले नाही, असे तर चुकूनही सुचवू नये. जी शाळा त्याला आधी दाखविली असेल तिच्यावरून रोज जाण्याचा रस्ता असेल तर काही दिवस दुसऱ्या रस्त्याने जावे. जून महिना हुकला म्हणून वर्ष बुडाले असे मानण्याचेही कारण नाही. आपल्याकडे पाटीपूजन होते ते दसऱ्याला, आणि गणपतीनंतर किंवा दिवाळीनंतर बालवाडीत दाखल झालेली मुले आठवड्याभरात इतरांत मिसळून जातात.

आमच्या अर्जाचे उत्तर नवव्या दिवशी आले. रक्कम गणवेशासकट परत मिळाली, आणि प्रतीक्षायादीतला क्रमांक तिसरा असल्याचे पत्र मिळाले. तोवर मारुतीच्या देवळामागे एका महिला मंडळाने कित्येक वर्षे चालविलेली बालवाडी आम्ही पाहून ठेवली होती, आणि पंधरा जूनच्या सुमारास नात तेथे जाऊ लागली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या शाळेचा फोन आला: बदली झालेल्या एका कुटुंबाने जागा सोडली आहे, उद्या दुपारपर्यंत कळवा. असा फोन पुष्कळांना येतो, कारण जूनअखेर व जुलैत जागा खरोखरच रिकाम्या होतात, म्हणून त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे. त्या घटकेला होकार-नकार देऊ नये. शुल्क पूर्ण वर्षाचे पडणार की राहिलेल्या महिन्यांचे, पुढच्या वर्षी हीच तुकडी राहणार याची लेखी हमी मिळेल का, आणि मूल आता जेथे रुळले आहे तेथून ते हलवावे असे त्याच्या वागण्यावरून वाटते का, हे तिन्ही प्रश्न रात्री घरात शांतपणे बोलून घ्यावेत. आम्ही बोललो. हमी लेखी देता येणार नाही असे दुसऱ्या दिवशी कार्यालयाने सांगितले, तेव्हा सूनबाईंनी आभार मानून यादीतून नाव कमी करण्याविषयी दोन ओळींचा ईमेल पाठविला, त्याची एक प्रत त्या पाकिटात ठेवली, आणि नातीला आणायला देवळाकडे निघाल्या.